गाळातले दात मोजताना: माशांच्या सूक्ष्मजीवाश्मांवरून जुना समुद्र वाचण्याची रीत

मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते. तोच हात उलटा आणला की बोटं खरवडतात. मुंबईत ज्यांनी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं त्यांना हे सांगायला नको. स्कोलिओडॉनच्या, म्हणजे मुशीच्याच, कातडीचा तुकडा कॉस्टिकमध्ये उकळायचा आणि प्लॅकॉइड खवल्यांची स्लाइड करून दाखवायची, हे प्रात्यक्षिक कित्येक पिढ्यांनी केलेलं आहे. हात खरवडणारे ते खवले म्हणजे बारीक दातच असतात. आत डेंटिन, वर एनॅमलसारखं कडक आवरण. त्यांना डेंटिकल म्हणतात.

शार्क मेला की त्याचा कूर्चेचा सांगाडा विरघळून जातो. बाकीच्या माशांची हाडंही खोल समुद्रात सहसा टिकत नाहीत. पण दात आणि डेंटिकल कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे अ‍ॅपेटाइटचे असतात आणि ते तळाच्या गाळात कोट्यवधी वर्षं राहतात. बहुतेक दात मिलिमीटरपेक्षाही लहान, म्हणजे रव्याच्या कणाहून बारीक असतात. त्यांना इंग्रजीत इक्थिओलिथ म्हणतात. मी या लेखात सरळ 'दात-डेंटिकल' म्हणणार आहे.

अख्ख्या माशाचा जीवाश्म दिसायला देखणा असतो, पण तो एका माशाची गोष्ट सांगतो. समुद्रात किती मासळी होती, लहान जास्त की मोठी, शार्क किती, हे विचारायचं असेल तर शेकडो, हजारो नमुने लागतात आणि तेही थरामागून थर. ते फक्त या बारीक दातांतून मिळतात. म्हणून या कामात सुंदर दात सापडण्याला फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे हिशेबाला. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी फोटो काढण्यात रमतात आणि वजन लिहायचं विसरतात. वजन नसलेला दात शोभेचा.

आधी बाजारात जा

जुना दात ओळखायचा तर आजचा ओळखता आला पाहिजे, आणि त्यासाठी मुंबईसारखं गाव नाही. ससून डॉक, भाऊचा धक्का किंवा घराजवळचा कुठलाही मासळी बाजार चालेल. सकाळी लवकर जा, गर्दीच्या वेळी कोळणीला प्रश्न विचारत बसू नका. मी पहिल्यांदा नुसती मुशीची कातडी मागितली तेव्हा मावशी हसल्या. "कातडी? ती तर मी फेकते. ने की सगळी. पण करणार काय त्याचं?" दात मोजणार म्हटल्यावर त्यांनी शेजारणीला बोलावून मला दाखवलं. तेव्हापासून माझ्यासाठी वामाची डोकी मात्र न सांगता बाजूला ठेवलेली असतात.

संग्रहासाठी इतकं पुरे: बोंबील, बांगडा, सुरमई, वाम, मांदेली, पापलेट, एक लहान मुशी आणि मिळाल्यास पाकटाचा (चपट्या रे माशाचा) जबडा. यात दातांचे बहुतेक ढोबळ प्रकार येऊन जातात. बोंबलाचे दात लांब, बारीक, आत वळलेले, सुईसारखे. सुरमईचे चपटे आणि त्रिकोणी, सुरीच्या पात्यासारखे. वामाचे जाड, शंकूसारखे. बांगड्याचे आणि मांदेलीचे इतके बारीक की भिंगाशिवाय दिसतच नाहीत. पाकटाचे दात फरशीसारखे एकमेकांना लागून बसवलेले, शिंपले फोडण्यासाठी. हे एकदा डोळ्यांत बसलं की साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा दातही अगदी परका वाटत नाही.

मुशी लहान आणि नेहमीच्या विक्रीतलीच घ्या. शार्क-पाकटांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. व्हेल शार्क २००१ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. करवतीसारख्या तोंडाचा मासा किंवा ओळखू न येणारं काही दिसलं तर हात लावू नका.

डोकी उकळा, मांस सुटलं की जबडे वेगळे करा आणि कोमट पाण्यात कपड्यांची एन्झाइमवाली पावडर घालून त्यात दोन-तीन दिवस ठेवा. खिडकीत ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून. मुशीच्या कातडीचे नखाएवढे तुकडे कापा आणि पातळ केलेल्या ब्लीचमध्ये टाका. तासा-दोन तासांत कातडी विरते आणि तळाशी पांढरट पूड बसते. तीच डेंटिकल. पाच-सहा वेळा पाणी बदलून धुवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एका भांड्यात, एका बेसिनमध्ये, एका दुपारी आणू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. मी ब्लीचचं काम शनिवारी आणि आम्लाचं रविवारी करते, आणि हा नियम घरी येणाऱ्या सगळ्यांना लागू आहे.

कातडीचे तुकडे एकाच जागचे घेऊ नका. नाकाजवळचा, कुशीचा आणि परावरचा (पोहण्याच्या पंखावरचा) असे तीन वेगळे घ्या, तीन वेगळ्या बाटल्यांत ठेवा. एकाच मुशीच्या अंगावर डेंटिकलचे आकार किती बदलतात हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. हे नुसतं कुतूहल नाही. पुढे एका मोठ्या शास्त्रीय वादात हाच मुद्दा येणार आहे.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवा. धोम्याच्या किंवा घोळीच्या डोक्यात कानाचे खडे असतात, ओटोलिथ. तेही जीवाश्मरूपात मिळतात आणि अभ्यासाला फार उपयोगी असतात, पण ते कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याचे. आम्लात पडले की फसफसून संपतात. पुढे सांगितलेली आम्लाची पद्धत वापरणार असाल तर तुमच्या नमुन्यातले ओटोलिथ त्यात जाणार, हे पक्कं समजून चला. ओटोलिथ हवे असतील तर नमुन्याचा अर्धा भाग आधीच बाजूला काढा आणि तो नुसत्या पाण्यानं धुवा.

गाळ कुठला घ्यायचा

इथे मुंबईकराची थोडी निराशा होते. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे आणि त्याच्या दोन थरांमध्ये जो गाळाचा खडक सापडतो तो गोड्या पाण्याचा. वरळीच्या अशाच थरातून एकोणिसाव्या शतकात एका चिमुकल्या बेडकाचे जीवाश्म निघाले, आज त्याचं नाव इंडोबॅट्रॅकस. समुद्री मासळीचा पुरावा त्यात शोधायला जाऊ नये. खाडीचा चिखल समुद्री आहे, पण भूशास्त्राच्या हिशेबानं कालचा. तो इतक्या वेगानं साचतो की त्यात दात फार विरळ असतात. शिवाय खारफुटीत खणणं कायद्यानं बंद आहे.

प्रत्यक्षात रस्ते दोन आहेत. एक जमिनीवरचा. वांद्रे टर्मिनसवरून रात्रीच्या गाडीनं सकाळी कच्छ गाठता येतं आणि तिथे इओसीन, ऑलिगोसीन, मायोसीन या काळांतले उथळ समुद्राचे चुनखडक आणि मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) उघडे पडलेले आहेत. शार्कचे, पाकटांचे दात आणि ओटोलिथ तिथून नोंदले गेले आहेत. जाताना सोबत भूशास्त्राचा विभाग, जमीनमालकाची परवानगी आणि नकाशा हवा. पश्चिम कच्छचा काही भाग नारायण सरोवर अभयारण्यात येतो, तिथून खडाही उचलायचा नाही. नमुना घेताना वरचा उन्हापावसानं सडलेला वीतभर भाग काढून टाका, एका थरातून अर्धा-एक किलो घ्या, पिशवीवर आणि पिशवीच्या आतल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे, शिसपेन्सिलीनं थराचा क्रमांक लिहा. शाई पुसते.

दुसरा रस्ता खोल समुद्राच्या तळाचा, आणि खरी मौज तिथे आहे. खूप खोलवर चुन्याची कवचं विरघळून जातात, फोरॅमिनिफेरा (चुन्याच्या कवचाचे एकपेशी जीव) उरत नाहीत, उरते ती तांबूस माती आणि तिच्यात आपले दात. ही लाल माती इतकी सावकाश साचते की तिच्या काही मीटरांत कोट्यवधी वर्षं मावतात. इतर जीवाश्म अभ्यासणारे जिला 'ओसाड' म्हणून सोडून देतात, तिच्या एकेका ग्रॅममध्ये डझनांनी, कधी शेकड्यांनी दात-डेंटिकल निघतात. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या चॅलेंजर जहाजानं पॅसिफिकच्या तळावरून शार्कचे दात आणि देवमाशांची कानाची हाडं वर काढली होती ती अशाच मातीतून. मँगनीजचे गोळे अनेकदा शार्कच्या दाताभोवतीच वाढलेले असतात. अशा गोळ्यांसाठी भारताला मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालेलं आहे आणि त्या भागातही लाल माती आहे.

घराजवळचा समुद्र घ्यावा असं मन म्हणतं. २०१५ मध्ये 'जॉइडीज रिझोल्यूशन' या जहाजानं अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, ३,५०० मीटरहून खोल पाण्यात विंधनं घेतली. नमुने चांगले आहेत, पण सिंधू नदीनं वाहून आणलेल्या गाळाचे लोटच्या लोट त्यात आहेत. नदीचा गाळ जितका जास्त तितके दात त्यात विरळ होतात, जसं एक चमचा साखर वाटीभर दुधात आणि बादलीभर पाण्यात. मान्सूनचा इतिहास शोधणाऱ्यांना ती जागा सोन्याची. आपल्याला मात्र जिथे गाळ सावकाश आणि एकसारख्या गतीनं साचला ती जागा हवी.

हिंद महासागरातले विंधनाचे जुने नमुने जपानमधल्या कोची इथल्या भांडारात ठेवलेले आहेत आणि संशोधक रीतसर अर्ज करून त्यातले काही घन सेंटिमीटर मागू शकतात. विद्यार्थ्यानं हे मार्गदर्शकामार्फतच करावं. पवईला आयआयटीचा भूविज्ञान विभाग, धोबी तलावाला झेवियर्सचा भूशास्त्र विभाग, अंधेरीत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र आणि वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था, इतकं सगळं लोकलच्या अंतरावर आहे. जुन्या मोहिमांचे अहवाल आणि नमुन्यांचे तपशील इंटरनेटवर खुले आहेत. अर्ज करण्याआधी ते वाचा. कुठल्या थराचं वय किती आणि वय कशावरून काढलंय, हे माहीत नसेल तर नमुना मागू नका.

धुणं

सामान प्रिन्सेस स्ट्रीटच्या शास्त्रीय उपकरणांच्या दुकानांत मिळतं: बीकर, बीकर झाकायला काचेच्या ताटल्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, आणि चाळणी. चाळणी ३८ मायक्रॉनची हवी. ६३ मायक्रॉनची घेतलीत तर पैसे वाचतील, पण बारीक मासळीचे दात खालून वाहून जातील आणि समुद्रात मोठे मासेच होते असं तुम्हाला वाटेल. स्क्रीन प्रिंटिंगचं कापड ताणून चाळणी बनवता येते. मात्र दुकानदार धाग्यांचा आकडा सांगतो, आपल्याला छिद्राचा आकार हवा. सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घ्या.

नमुना ५० अंशांवर रात्रभर सुकवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, लगेच वजन करा. जुलैत हे फार जपून करावं लागतं. आपल्या हवेत वाळलेली माती काट्यावर ठेवल्या ठेवल्या ओल ओढते आणि आकडा डोळ्यांदेखत वर चढत जातो. एका पावसाळ्यात मी सहा नमुन्यांची वजनं खिडकी उघडी ठेवून केली होती. ऑक्टोबरात तीच पुन्हा केली आणि वही फाडून टाकावीशी वाटली.

लाल मातीत चुना नसतो. ती पाण्यात रात्रभर भिजवून, चिकट असेल तर चिमूटभर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून, सरळ चाळणीवर धुता येते. मार्लला किंवा चुनखडकाला आम्ल लागतं. इथे अ‍ॅसिटिक आम्लच वापरायचं, ५ ते १० टक्क्यांचं. बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते चुन्याबरोबर दातही खाऊन टाकतं. घरगुती सरावाला पांढरं व्हिनेगर चालतं, किती लागेल याचा हिशेब मात्र करा. ५ ग्रॅम चुना विरघळायला ६ ग्रॅम शुद्ध अ‍ॅसिटिक आम्ल लागतं, म्हणजे ४ टक्क्यांचं व्हिनेगर १५० मिलि. हे आम्ल सौम्य असल्यामुळे शेवटी-शेवटी रेंगाळतं, म्हणून दुप्पट, ३०० मिलि धरा. थोडं थोडं ओता, फेस बीकरबाहेर आला की दातही बाहेर गेले. बुडबुडे थांबले की २४ तासांच्या आत धुवा. आम्लात नमुना विसरून गावाला जाऊ नये. दातांच्या कडा झिजतात आणि मग ती झीज माशाच्या हयातीतली की तुमच्या निष्काळजीपणातली, हे कळत नाही.

चाळणीवर पाणी हळू सोडा, बोटांनी रगडू नका. खालचं गढूळ पाणी बादलीत घ्या आणि निवळू द्या, बेसिनमध्ये ओतू नका. आमच्या सोसायटीचा प्लंबर आता मला नावानं ओळखतो.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून धुवायची. आधीच्या नमुन्यातला एखादा दात जाळीत अडकला असेल तर तो निळा होतो आणि पुढच्या नमुन्यात सापडला की पाहुणा म्हणून लगेच ओळखू येतो. सूक्ष्मजीवाश्मांच्या जगातली ही जुनी युक्ती आहे. वीस रुपयांची शाई वर्षभराचं काम वाचवते.

खरा नमुना हाती घेण्याआधी एक परीक्षा स्वतःची घ्या. १० ग्रॅम साध्या मातीत बोंबलाचे २० दात मोजून टाका आणि सगळी पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत करा. किती परत मिळाले? माझे पहिल्या वेळी ११ आले. १८ च्या वर येईपर्यंत कच्छचं तिकीट काढू नका.

रंग आणि वेचणी

धुऊन उरलेल्या चिमूटभर मालात दात असतात तशी वाळू, अभ्रक, ज्वालामुखीची काच, रेडिओलॅरिया (सिलिकाच्या सांगाड्याचे एकपेशी जीव) आणि स्पंजांच्या सुयाही असतात. या सुया बोंबलाच्या दातासारख्या हुबेहूब दिसतात, पारदर्शक, टोकदार, आतून पोकळ. नवशिक्याची पहिली यादी अर्धी स्पंजांचीच असते. किनाऱ्यावरच्या नमुन्यात तर प्लॅस्टिकचे धागेही मिळतात.

यावर उपाय अ‍ॅलिझरिन रेड एस. प्राणिशास्त्रवाले सांगाडे रंगवायला वापरतात तोच रंग. तो कॅल्शियमला धरतो, सिलिकाला धरत नाही. १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात जांभळा होईपर्यंत रंग घाला, त्यात माल दिवसभर ठेवा, धुवा, सुकवा. दात आणि डेंटिकल गुलाबी ते जांभळट होतात, स्पंजाची सुई काचेसारखी पांढरीच राहते. चुनाही हा रंग पकडतो, म्हणून आम्लाचं काम आधी पूर्ण झालेलं हवं. रंगवलेल्या दातांचं पुढे रासायनिक विश्लेषण करायचं असेल तर थोडा माल न रंगवता वेगळा ठेवा. दात समुद्राच्या पाण्यातलं निओडिमियम आणि स्ट्राँशियम शोषून घेतात आणि त्यांच्या समस्थानिकांवरून जुने प्रवाह, कधी कधी थराचं वयही काढता येतं.

प्रयोगशाळेत वाळू वेगळी करायला जड द्रव वापरतात. क्वार्ट्झची घनता २.६५, अ‍ॅपेटाइटची ३.१ च्या आसपास. मधल्या घनतेच्या सोडियम पॉलिटंग्स्टेटमध्ये वाळू तरंगते, दात बुडतात. द्रव महाग आहे. जुन्या पुस्तकांत ब्रोमोफॉर्म सांगितलेलं असतं, ते विषारी आहे, घरात आणू नका. नमुना लहान असेल तर डोळे आणि चिकाटी पुरते.

वेचायला काळ्या तळाची ताटली, २० ते ८० पट दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि तीन शून्यांचा ब्रश. ब्रशचं टोक जरासं ओलं करा, दात त्याला चिकटून येतो. फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत स्थिर विजेमुळे दात टुणकन उडतात. आपला दमट जून या एका बाबतीत बरा. ताटलीवर चौकटी आखून घ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. 'जिथे दिसतात तिथून' वेचलंत तर मोठे आणि जांभळे तेवढेच येतील. वेचलेले दात चौकटींच्या पुठ्ठ्याच्या स्लाइडवर पातळ डिंकानं बसवा.

तुटलेल्यांचं काय? नियम एकच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी दाताचं टोक असेल तरच एक मोजते. टोक नसलेला बुंधा मोजत नाही. नाहीतर एका दाताचे दोन तुकडे म्हणजे दोन मासे होतात. डेंटिकलला माथा अर्ध्याहून जास्त शिल्लक हवा.

नावं देण्याच्या मागे लागू नका. हा दात कुठल्या जातीचा, हे बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. पॅट्रिशिया डॉयल आणि विल्यम रीडल यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत यावर वाट काढली: जातीचं नाव सोडून द्यायचं आणि आकाराच्या लक्षणांना सांकेतिक क्रमांक द्यायचे. कडा सरळ की वळलेल्या, आतली पोकळी कुठवर जाते, टोकाला पारदर्शक टोपी आहे का. आपणही ढोबळ सात-आठ गट पाडावेत आणि प्रत्येक दाताची लांबी मोजावी.

हिशेब

समजा १२ ग्रॅम सुक्या नमुन्यात माशांचे १८० दात आणि शार्कची ३० डेंटिकल निघाली. ग्रॅमला १५ दात. एवढ्यावर आलेख काढून मोकळे होणारे खूप आहेत.

आता त्या थराची सुकी घनता ०.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, आणि गाळ साचण्याचा वेग दहा लाख वर्षांना ५ मीटर, म्हणजे ५०० सेंटिमीटर. १५ × ०.८ × ५०० = ६,०००. म्हणजे एका चौरस सेंटिमीटर तळावर दहा लाख वर्षांत ६,००० दात पडले. डेंटिकलचा आकडा त्याच रीतीनं १,०००. वरच्या थरात ग्रॅमला ३० दात सापडले, मासळी दुप्पट झाली म्हणायचं? तिथे गाळ निम्म्या वेगानं साचला असेल तर उत्तर पुन्हा ६,०००च येतं. मासळी तेवढीच होती, माती कमी पडली. म्हणून थरांचं वय आधी विचारायचं आणि दात नंतर मोजायचे.

वेगाच्या भानगडीतून थोडी सुटका गुणोत्तर करतं. दात आणि डेंटिकल एकाच मातीत सारखेच विरळ होतात, त्यामुळे ६ला १ हे प्रमाण गाळाच्या वेगानं बदलत नाही. पण आकडा लहान असेल तर त्यालाही फार किंमत नाही. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ ही ढोबळ चूक धरा: २५ डेंटिकल म्हणजे अधिक-उणे ५, वीस टक्के, १०० म्हणजे अधिक-उणे १०, दहा टक्के. शक्यतो २०० ते ३०० दातांपर्यंत मोजा, आणि काहीच न सापडलेला नमुनाही शून्य म्हणून वहीत ठेवा.

आकड्यांतून समुद्र

एक मासा आयुष्यभर दात पाडत राहतो आणि एका शार्कच्या अंगावर डेंटिकल असंख्य असतात. तेव्हा ६ला १ म्हणजे सहा माशांमागे एक शार्क नव्हे. हे प्रमाण थरागणिक कसं सरकतं, एवढंच बोलण्यासारखं आहे.

आणि तेवढ्यावरही किती बोलता येतं ते एलिझाबेथ सायबर्ट यांच्या कामात दिसतं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. त्या सीमेच्या दोन्ही बाजूंचा खोल समुद्राचा गाळ त्यांनी सहकाऱ्यांसोबत मोजला. आधीच्या काळात माशांचे दात आणि शार्कची डेंटिकल जवळजवळ बरोबरीनं होती. नंतर माशांचे दात झपाट्यानं वरचढ झाले आणि मोठ्या दातांचं प्रमाणही वाढत गेलं. आजच्या समुद्रावर काटेरी हाडांच्या मासळीचं जे राज्य आहे त्याची सुरुवात तिथे दिसते, असं त्यांनी २०१५ मध्ये मांडलं.

२०२१ मधला त्यांचा आणि सहलेखकाचा दुसरा लेख जास्त वादळी ठरला. सुमारे १.९ कोटी वर्षांपूर्वी खुल्या समुद्रातले शार्क एकाएकी घटले, डेंटिकलची संख्या ९० टक्क्यांहून जास्त आणि आकारांची विविधता ७० टक्क्यांहून जास्त खाली आली, असा दावा होता. त्यावर आक्षेप आले: त्याच वेळी गाळाचा वेग वाढला होता तो नीट धरला गेला नाही, आणि एकाच जातीच्या अंगावर डेंटिकलचे आकार बदलतात तेही विचारात घेतलं नाही. लेखकांनी उत्तर दिलं. कोण बरोबर हे मी सांगणार नाही. दोन्ही बाजू वाचा. पण आक्षेपांतला पहिला मुद्दा वरच्या हिशेबातला आहे आणि दुसरा तुमच्या तीन बाटल्यांतला, नाक, कूस आणि पर.

अलीकडच्या काळासाठीही ही रीत चालते. एरिन डिलन आणि सहकाऱ्यांनी पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या प्रवाळखडकांतली डेंटिकल आजच्या खडकांशी ताडून पाहिली आणि तिथले शार्क ७१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. माणसानं मासेमारी वाढवण्याआधीचा समुद्र कसा होता याची नोंद कुणी लिहून ठेवलेली नसते, ती अशी गाळातून काढावी लागते. त्यात आकारही बोलतो: बारीक, समांतर रेघांची डेंटिकल वेगानं पोहणाऱ्या शार्कची, जाड गुळगुळीत डेंटिकल तळाशी, खडकांत घासत फिरणाऱ्यांची. मुशीच्या नाकावरची आणि कुशीवरची शेजारी शेजारी ठेवून बघा, घासण्याच्या जागी काय होतं ते कळेल.

काम झालं की स्लाइड हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. मुंबईत डिंकाला बुरशी येते आणि झुरळांना तो आवडतो. एका श्रावणात माझे चाळीस दात पुठ्ठ्यासकट गेले. वेचून उरलेला माल फेकू नका, लहान बाटलीत घालून त्यावर थर, वजन, तारीख आणि वेचणाऱ्याचं नाव लिहा. दुसऱ्या कुणाला तरी तो पुन्हा वेचायला द्या आणि तुमच्या नजरेतून किती दात सुटले ते त्याच वहीत, तुमच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.